मोबाइल काढून घेतला, आता पुढे काय?

(पत्रातलं नाव बदललं आहे.)

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही तासगाव तालुक्यातले. माझा मुलगा ओंकार सोळा वर्षांचा आहे. दहावीला ९१ टक्के पडले तेव्हा सगळ्या भावकीत पेढे वाटले. जूनमध्ये सांगलीला अकरावी सायन्सला घातला, जोडीला नीटचा क्लास. सकाळी सहाच्या एसटीने जातो, संध्याकाळी सातला परत. क्लासचं सगळं मोबाइलवरच येतं म्हणून ह्यांनी तेव्हाच फोन घेऊन दिला. तिथूनच सगळं बिघडलं असं आम्हाला वाटतं. ऑगस्टमध्ये क्लासच्या परीक्षेत फार कमी मार्क पडले. दरवर्षी गणपतीत मंडळात ढोल वाजवायचा, यंदा खोलीतून बाहेर आला नाही. क्रिकेट बंद झालं. जेवायला हाक मारली की ‘भूक नाही’. दसऱ्यानंतर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत रील बघत बसायला लागला. दिवाळीत मामाकडेसुद्धा आला नाही.

गेल्या महिन्यात कपडे धुवायला घेतले तर पँटच्या खिशात पेन ड्राइव्हसारखं काहीतरी सापडलं. स्ट्रॉबेरीचा वास येत होता. पुतण्या म्हणाला, काकू हे व्हेप आहे, म्हणजे ई-सिगरेट. ह्यांना सांगितलं. ह्यांनी त्याला पट्ट्याने मारलं आणि फोन काढून घेतला. व्हेप मी माझ्या कपाटात ठेवलं. पुढचे तीन दिवस तो नुसता पिसाळला होता. ताट फेकलं, बहिणीवर हात उगारला. (एकदा म्हणाला, ‘मी मेलो तर सुटाल सगळे.’ त्यावर ह्यांनी आणखी एक ठेवून दिली.) आता गप्प झालाय. क्लासला जात नाही, नुसता पडून असतो.

ह्यांचं म्हणणं, फोन काढल्यावर कसा करत होता बघितलंस ना, हे मोबाइलचंच व्यसन. एखाद्या व्यसनमुक्ती केंद्रात दोन महिने ठेवू या म्हणतात. (स्वतः दिवसाला तीन-चार तंबाखूचा मावा खातात, त्याबद्दल कोणी बोलायचं नाही.) सासूबाई म्हणतात दृष्ट लागली. आमचं खाली औषधं-खतांचं दुकान आहे, गावात नाव आहे, बाहेर कळलं तर काय होईल. धाकटी नऊ वर्षांची, तिला काहीच सांगितलेलं नाही. फोन कायमचा बंद करावा का? त्याला न सांगता लघवी तपासून घ्यावी का? आणि मला एकदा सांगा, मोबाइलमुळे व्यसन लागलं की व्यसनामुळे मोबाइल?

– एक आई

•

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात घातलं आहे. ‘मी मेलो तर सुटाल सगळे.’ बाकी सगळ्यावर बोलू, पण आधी हे.

रागात पोरं काहीही बोलतात, खरं आहे. तरी हे वाक्य रागाच्या खात्यावर टाकून मोकळं होता येणार नाही. कारण त्यानंतर तो निवळलेला नाही, गप्प झालाय. तेव्हा आज संध्याकाळीच, घरात गडबड नसेल अशा वेळी, त्याच्याजवळ बसा आणि सरळ विचारा. ‘त्या दिवशी तू मरणाचं बोललास. तसं खरंच मनात येतं का रे? कधी येतं? काही करायचं ठरवलं होतंस का?’ असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात भरेल, अशी भीती जवळजवळ प्रत्येक आईला वाटते. तसं होत नाही. थेट विचारल्याने धोका वाढत नाही, हे वेगवेगळ्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. उलट कोणीतरी विचारलं याचंच मुलाला हायसं वाटतं. तो ‘हो’ म्हणाला तर रडू आलं तरी चालेल, पण ‘आमचं काय होईल याचा विचार केलास का’ हे तोंडातून येऊ देऊ नका. त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे न्या. रात्री-अपरात्री काही सुचेनासं झालं तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर लावा. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. तो नंबर तुमच्यासाठीही आहे, फक्त मुलासाठी नाही.

तो ‘नाही, तसं काही नाही’ म्हणाला तरी पुढची गोष्ट कराच. खाली शेतीच्या औषधांचं दुकान आहे, असं तुम्ही जाताजाता लिहिलंत. दुकानाची आणि गोडाऊनची किल्ली आजपासून मिस्टरांच्या खिशात राहील, घरातल्या खुंटीवर नाही. फवारणीतून उरलेली अर्धी बाटली पडवीत, मोटारीच्या खोलीत पडून असते, तीही उचला. सासूबाईंच्या बीपीच्या, झोपेच्या गोळ्या तुमच्या ताब्यात घ्या. जीव द्यायची तीव्र ऊर्मी पुष्कळदा थोडाच वेळ टिकते आणि त्या वेळात हाताशी काही नसलं की माणूस वाचतो. कीटकनाशक घरातच असणाऱ्या आपल्या भागात ही काळजी प्रत्येक घराने घ्यायला हवी. तुमच्या घराने जरा जास्त.

आता तुमचा प्रश्न. मोबाइलमुळे व्यसन की व्यसनामुळे मोबाइल? तुम्ही दोनच उमेदवार उभे केलेत. तिसरा तुमच्याच पत्रात आहे, महिन्यांसकट. फोन जूनमध्ये आला, पण जूनपासून गणपतीपर्यंत फोनची एकही तक्रार तुम्ही लिहिलेली नाही. ऑगस्टमध्ये मार्क कमी पडले. मग ढोल गेला, क्रिकेट गेलं, भूक गेली. रात्रीची जागरणं दसऱ्यानंतरची. व्हेप त्याच्याही नंतर सापडलं, अर्थात ते कधीपासून आहे हे त्याचं त्यालाच ठाऊक. दरवर्षी हाताला फोड येईपर्यंत ढोल बडवणारा पोरगा यंदा खोलीबाहेर येत नाही, तेव्हा त्याचं काहीतरी रात्रीच्या फोनच्या आधीच बिनसलेलं असतं. पत्रावरून निदान करायचं नसतं आणि मी करतही नाही. पण ज्या डॉक्टरांकडे जाल ते याच क्रमाबद्दल विचारतील, म्हणून तो एका कागदावर लिहून ठेवा.

या वयातलं नैराश्य रडण्यातून कमी आणि चिडचिडीतून जास्त दिसतं. आईबाप त्याला माज म्हणतात, सर त्याला ‘लक्ष नाही’ म्हणतात. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या मुलांपैकी ७.३ टक्क्यांना कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला. साठ मुलांच्या वर्गात चार. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपली पोरं त्यातून सुटली असतील असं समजायला काही आधार नाही. ९१ टक्केवाल्यांच्या वर्गात पहिल्यांदाच मागच्या बाकावर फेकलं गेलेलं पोर तर मुळीच नाही.

मनात काहीतरी बोचत असलं की रात्री झोप लागत नाही. हाताशी फोन असतो आणि फोनवर पुढचं रील आपोआप येतं, थांबण्याची जागाच ठेवलेली नाही. दोनला डोळा लागला आणि सहाची एसटी गाठायची म्हणजे सव्वापाचला उठायचं. झोप झाली तीन-सव्वातीन तास. या वयाला लागते आठ ते दहा तास. शिवाय या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोप येण्याची वेळ आपोआप उशिरा होते. आपली शिक्षणव्यवस्था मात्र या वयातल्या मुलांना पहाटे उठवण्यातच पुरुषार्थ मानते. मग क्लासमध्ये डुलक्या, सरांची बोलणी, आणखी कमी मार्क. अशा दिवसांत कोणीतरी मित्र स्टँडच्या मागे म्हणतो, ‘एक ओढून बघ, डोकं हलकं होतं.’ आणि पहिले काही दिवस ते खरंच हलकं होतं. व्हेपमधलं निकोटिन, म्हणजे तंबाखूतला चटक लावणारा पदार्थ, मेंदूवर काही सेकंदांत काम करतं. पण त्याचा असर उतरायलाही फार वेळ लागत नाही, आणि उतरला की बेचैनी सुरू होते. ती बेचैनी पुढच्या झुरक्याने जाते, म्हणून मुलाला वाटतं की व्हेपमुळे माझं टेन्शन जातं. खरं तर त्यातलं बरंचसं टेन्शन व्हेपनेच आणलेलं असतं. वर निकोटिन झोपही उडवतं. म्हणजे रात्र आणखी लांबली, फोन आणखी हातात.

आता कोणतं कशामुळे, याचा निवाडा करत बसलात तर वर्ष जाईल. गुंता झालाय, आणि सगळ्यात सैल टोक हातात धरून तो सोडवायला लागायचं. माझ्या मते ते टोक म्हणजे झोप आणि मनाची उदासी. फोन हे टोक नव्हे. तुम्ही दोघांनी नेमका तोच आधी ओढला.

त्या तीन दिवसांबद्दलही बोलायला हवं. मिस्टरांचा सगळा खटला त्याच तीन दिवसांवर उभा आहे. फोन काढला आणि पोरगा पिसाळला, म्हणून मोबाइलचं व्यसन. पण त्याच संध्याकाळी तुम्ही व्हेपही कपाटात ठेवलंत. निकोटिन अचानक तुटलं की चिडचिड, अस्वस्थपणा, झोप न लागणं, कशातच लक्ष न लागणं हे सगळं एका दिवसात सुरू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाला जातं आणि दोन ते चार आठवड्यांत हळूहळू ओसरतं. तुमचे तीन दिवस त्यात अगदी बसतात. त्यात भर म्हणून सोळा वर्षांच्या पोराला बहिणीदेखत पट्ट्याने मारलेलं. फोनचा वाटा त्यात नाही असं मी म्हणत नाही, पण आरोपी तिघे असताना फाशी एकालाच दिलीत.

फोन निर्दोष आहे का? तसंही नाही. माँट्रियलमध्ये सुमारे ३,८०० शाळकरी मुलांना चार वर्षं दरवर्षी प्रश्न विचारून केलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या वर्षी एखाद्या मुलाचा सोशल मीडियाचा आणि टीव्हीचा वेळ त्याच्या नेहमीपेक्षा वाढला, त्या वर्षी त्याच्यातली नैराश्याची लक्षणंही वाढलेली दिसली. व्हिडिओ गेमच्या बाबतीत तसं दिसलं नाही. त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या दोन संशोधकांनी ब्रिटन-अमेरिकेतल्या साडेतीन लाखांहून जास्त मुलांची माहिती तपासली. मुलांच्या बऱ्या-वाईट मनःस्थितीतला जास्तीत जास्त ०.४ टक्के फरक स्क्रीनच्या वापराशी जोडता येतो, असं त्यांना आढळलं. दोन्ही निष्कर्ष एकदम खरे असू शकतात. बहुतेक मुलांना फोनने फारसं काही होत नाही. जे मूल आधीच खाली गेलेलं आहे, त्याला काही विशिष्ट गोष्टी आणखी खाली ढकलतात. त्यामुळे तो किती तास बघतो यापेक्षा काय बघतो आणि त्या वेळात काय करायचं राहून जातं, हे विचारणं जास्त कामाचं.

आणि रील म्हणजे नाचगाणीच असतील असं धरू नका. या क्लासच्या मुलांच्या फोनवर मी वेगळंच बघते. रोज चौदा तास अभ्यास केला म्हणून सांगणारे टॉपर, ‘तू आत्ता झोपला आहेस तेव्हा तुझा स्पर्धक जागा आहे’ असं दरडावणारे सर, दुसऱ्याच्या मार्कांच्या चिठ्ठ्या. रात्री एक वाजता, तीन परीक्षांत आपटलेल्या मुलाने हे बघायचं. मोठ्यांना वाटतं पोरगं मजा मारतंय. याच फोनवर कोणीतरी तोंडातून धुराची वर्तुळं सोडतानाचा व्हिडिओ एकदा पूर्ण बघितला की तसले दहा येतात, आणि त्यातल्याच एखाद्या खात्यावर मागणी नोंदवता येते. फोनचा आणि व्हेपचा संबंध एवढा साधाही असू शकतो: जाहिरात, दुकान आणि पैसे देण्याची सोय एकाच ठिकाणी. तेव्हा त्याने पैसे कुठून आणले हे विचारा, पण चोर पकडल्याच्या सुरात नको. कधी कधी उत्तर ‘मित्राने दिलं’ एवढंच असतं, कधी उधारी झालेली असते आणि देणेकऱ्याची भीती त्या उदासीत मिसळलेली असते.

व्हेप, म्हणजे ई-सिगरेट, बनवणं, आणणं, विकणं, साठवणं आणि तिची जाहिरात करणं या सगळ्यावर आपल्या देशात २०१९ पासून बंदी आहे. मुलाला तंबाखूजन्य पदार्थ किंवा दारू देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. तरी ई-सिगरेट मिळते, जशी २०१२ पासून बंदी असलेली गुटख्याची पुडी मिळते. शाळकरी मुलांच्या तंबाखूबद्दलचं जागतिक सर्वेक्षण भारतात २०१९ मध्ये झालं. त्यात १३ ते १५ वयाच्या साडेआठ टक्के विद्यार्थ्यांनी सांगितलं की ते कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात. म्हणजे तुमच्या घरात काही जगावेगळं घडलेलं नाही. व्हेपचा वेगळा धोका असा की वास गोड असल्याने घरात महिनोन्‌महिने कळत नाही, घसा फारसा जळत नाही म्हणून मूल जास्त ओढतं, आणि काही उपकरणांत एका अख्ख्या सिगरेटच्या पाकिटाइतकं किंवा त्याहून जास्त निकोटिन असतं.

लघवीची तपासणी चोरून करू नका. बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या नशा-तपासणी किटमध्ये निकोटिन धरलेलंच नसतं, त्यामुळे ज्याची खात्री आहे तेच कळणार नाही. आणि गांजासारखं दुसरं काही निघालं तर तुम्ही ते त्याला सांगणार कसं? आत्ता तुमच्याकडे एकच भांडवल आहे, आई आपल्याशी लपवाछपवी करत नाही हा त्याचा विश्वास. विचारा. ‘यात नुसतं फ्लेवर होतं की आणखी काही? व्हाइटनर, गांजा, गोळ्या, काही करून बघितलंस का?’ व्हाइटनरचं नाव मुद्दाम घेतलं. केंद्र सरकारच्या २०१९ च्या देशव्यापी पाहणीत हुंगायच्या नशा हा एकच प्रकार असा होता की ज्याचं प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त निघालं. शंका आली तर तपासणी डॉक्टर करतील, त्याला सांगून.

व्यसनमुक्ती केंद्राचा विचार आत्ता सोडून द्या. व्हेप ओढलेल्या, बहुधा खचलेल्या मुलाला वर्षानुवर्षं दारू पिणाऱ्या मोठ्या माणसांत नेऊन ठेवायचं, यातून तो काय शिकून येईल ते मी सांगायला नको. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलाला भरती करणं हा अपवादाचा मार्ग आहे. त्याला मोठ्यांपासून वेगळं ठेवावं लागतं आणि पालकाने किंवा पालकाने नेमलेल्या माणसाने पूर्ण वेळ सोबत राहावं लागतं. ‘पोरगं सोडून जा, दोन महिन्यांनी न्यायला या’ असं कोणी सांगितलं, तर त्या दारातून तसंच मागे फिरा.

हा पुढचा भाग मिस्टरांना वाचायला द्या.

दादा, पोराच्या खिशात असलं काही सापडल्यावर हात उठला, हे मी समजू शकते. पण मार खाल्लेलं मूल व्हेप सोडत नाही, सापडू न देण्याची जागा शोधतं. आणि ‘मेलो तर सुटाल’ यावर थप्पड मिळाली की पुढच्या वेळी ते बोलणारसुद्धा नाही. एकदा त्याच्याजवळ जाऊन ‘त्या दिवशी मारलं ते चुकलं माझं’ एवढं म्हणा. स्पष्टीकरण नको, ‘पण तूसुद्धा’ तर अजिबात नको. बापाचा मान याने कमी होत नाही. दुसरं, मावा. निकोटिन सोडणं किती अवघड असतं हे त्या घरात पोराला तुमच्याइतकं खरं कोणीच सांगू शकणार नाही. तंबाखू सोडण्यासाठी सरकारी क्विटलाइन आहे, १८००-११-२३५६. तुम्ही स्वतः फोन करा, त्याच्यासमोर करा. ‘मी सोडतो, मग तूही सोड’ असा सौदा घालू नका. तुमचं तुम्ही सुरू करा. तिसऱ्या दिवशी तुमची चिडचिड होईल तेव्हा त्या मुलाला पहिल्यांदा कळेल की त्याचं जे झालं होतं ते काय होतं. आणि तुम्हालाही कळेल.

ताई, आता फोन. तो त्याला परत द्या. कायमचा बंद करणं शक्यही नाही, कारण क्लास, मित्र, एसटी चुकली तर घरी कळवणं, सगळं त्यातच आहे. आणि अशा मनःस्थितीतल्या मुलाचं मित्रांशी बोलणं तोडणं मला धोक्याचं वाटतं. परत देताना एकच अट ठेवा, पण पक्की ठेवा: रात्री साडेदहानंतर घरातला कोणताही फोन झोपायच्या खोलीत जाणार नाही. सगळे फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. सगळे म्हणजे मिस्टरांचा, तुमचा आणि त्याचा. उठायला दीडशे-दोनशे रुपयांचं गजराचं घड्याळ आणा. तुमच्याच जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले मोबाइल-टीव्ही बंद होतात, हे तुम्ही ऐकलं असेल. लोक त्या भोंग्याचं कौतुक करतात. मला कौतुक वाटतं ते मोठी माणसंही बंद करतात याचं. नुसत्या पोरांसाठी भोंगा वाजवला असता तर आठवडाभरही टिकला नसता. तुमच्या घराला भोंगा सातला नको, साडेदहाला हवा. पहिले आठ-दहा दिवस त्याला झोप येणार नाही. अंथरुणात तळमळत पडू दे असं म्हणू नका. जवळ बसा, रेडिओ लावा, गच्चीवर चक्कर मारा. तेव्हाच काहीतरी बोलेल. बोलला तर मध्ये उपाय सांगू नका.

डॉक्टरांकडे मात्र याच आठवड्यात जा. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकार विभाग आहे. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीन मुलांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक असतात, तिथेही सुरुवात करता येते. गावात कळायची भीती असेल तर मिरज त्यासाठीही सोयीचं. तिथे रोज हजार माणसं येतात, कोण कशाला आलं ते कोणी बघत नाही. त्याला फसवून नेऊ नका, ‘डोळे तपासायला जाऊ’ वगैरे. सांगा की तुला झोप नाही, भूक नाही, तू खूप दमलायस, आपण दोघं एकदा डॉक्टरांशी बोलून येऊ. डॉक्टर काही वेळ त्याच्याशी एकट्याशी बोलतील. तेव्हा बाहेर बसा आणि नंतर ‘काय काय विचारलं’ म्हणून उलटतपासणी घेऊ नका. बहुधा समुपदेशनापासून सुरुवात होईल. गोळ्या लागतीलच असं नाही. लागल्या तर नैराश्यावरच्या गोळ्यांची नशेसारखी चटक लागत नाही, पण त्या मनाने सुरू किंवा बंद करायच्या नसतात. सुरुवातीच्या काही आठवड्यांत तो जास्त अस्वस्थ वाटला तर लगेच डॉक्टरांना कळवायचं.

क्लासचं नंतर बघू. तूर्त जात नाही तर नाही. बरं वाटायला लागल्यावर त्यालाच विचारा की नीटची परीक्षा द्यायची इच्छा त्याची होती की पेढ्यांची. एखादं वर्ष गेलं म्हणून डॉक्टरकीचं दार बंद होत नाही. नीटला वयाची वरची मर्यादा २०२२ मध्येच काढून टाकली आहे. आणि त्याला दुसरंच काही करायचं असेल तर तेही आत्ताच कळलेलं बरं.

सासूबाईंना दृष्ट काढू द्या. मीठ-मोहरीने नुकसान नाही, आणि तेवढा वेळ आजी नातवाच्या डोक्यावरून हात फिरवते, त्याला कुठल्याही डॉक्टरची ना नसेल. फक्त दृष्ट काढली म्हणून मिरजेची फेरी टळली, असं होऊ देऊ नका.

कपाटातल्या वस्तूचं असं करा. ती त्याला दाखवा, ‘मी ठेवली होती, आता फेकते’ असं सांगून त्याच्यासमोरच काढा. परड्यात कचरा जाळता त्यात टाकू नका, आत लिथियमची बॅटरी असते, फुटते. सांगलीला जाल तेव्हा ई-कचरा घेणाऱ्या दुकानात द्या.

धाकटीला काही सांगितलेलं नाही असं तुम्ही म्हणता, पण ताट फेकलेलं तिने पाहिलंय, पट्टाही पाहिलाय. नऊ वर्षांच्या मुलीला त्यातून काय काय वाटलं असेल, कदाचित आपल्यामुळेच दादा चिडला असंही. तिला सांगा की दादाला बरं नाही, ताप असतो तसं नाही पण बरं नाही, म्हणून तो चिडतो. त्याने हात उगारला ते चुकीचं होतं, आणि त्यात तिची काही चूक नव्हती. दादाच्या खोलीत जाऊन गप्पा मारायला तिला अडवू नका. आणि मिरजेला जाऊन आलात की डॉक्टर काय म्हणाले ते मला कळवा, पुढचं त्याप्रमाणे बोलू.